दोन काचांवरचा समुद्र

सुरुवातीच्या काळातला छायाचित्राचा थर सगळ्या रंगांना सारखा दाद देत नसे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवरचा ओला थर निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन बळी पडे. जमीन किंवा लाटा नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होई, ढग नाहीसे होत. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने दोन काचा वापरल्या. सेत बंदरावरच्या त्याच्या १८५७ च्या प्रसिद्ध ‘महालाटे’त समुद्र एका काचेवरचा आहे आणि ढग दुसरीवरचे, क्षितिजाच्या रेषेवर सांधून त्यांची एकच प्रत छापली आहे.

आजचा मोबाईल जवळपास हेच करतो. बटण एकदाच दाबले तरी तो लागोपाठ अनेक चित्रे टिपून त्यांचे एक चित्र करतो. तेव्हा डोळ्यांपुढचे दृश्य आणि हाती येणारे चित्र यांतले अंतर संगणकाने आणलेले नाही. बदलला आहे तो निर्णय घेणारा. कोणते ढग घ्यायचे हे ल ग्रेने स्वतः ठरवले. फोनमध्ये ती निवड कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवलेली असते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. ही गोष्ट जोडकामापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

फसव्या चित्राचा इतिहास तर ल ग्रेच्या जोडकामाहूनही जुना. कागदावर थेट छायाचित्र उमटवण्याची रीत शोधूनही इपोलित बायारला छायाचित्रणाचा दुसरा शोधक डागेर याच्यासारखा सरकारी मान मिळाला नाही. १८४० मध्ये त्याने स्वतःचेच ‘बुडालेल्या माणसाचे’ चित्र काढले. चित्रात डोळे मिटून बसलेला एक माणूस एवढेच दिसते. त्याने निराशेने जीव दिला, हे सांगतो तो मागे लिहिलेला मजकूर. बायार मात्र १८८७ पर्यंत जगला.

२०२३ मध्ये बोरिस एल्डागसेनने सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत मिळालेले पारितोषिक नाकारले. त्याचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते. तिथे ना भिंग होते, ना समोर बसलेला माणूस. हा बदल खरोखर नवा आहे. त्याच वर्षी लायकाने चित्र टिपतानाच त्याच्या उगमाची डिजिटल सही जोडणारा कॅमेरा बाजारात आणला. अशा सहीची गरज आहेच, पण चित्र कुठून आले आणि पुढे त्यात काय फेरफार झाले, एवढेच ती सांगू शकते. बायारच्या चित्रात कॅमेरा खरा होता, उजेड खरा होता, माणूसही खरा होता. ते या परीक्षेत सहज उतरले असते.