बेशुद्ध रुग्णाला काहीच कळत नाही का?

इयादतीला गेलेली माणसे अनेकदा बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्याविषयीच मोठ्याने बोलतात. ‘आता यांना काही कळत नाही,’ असे एकाने म्हटले की बाकीचे मान हलवतात. पण ‘कळणे’ म्हणजे नेमके काय, हे शास्त्रज्ञांनाही अजून पूर्ण उमगलेले नाही. जेवढे उमगले आहे, त्यावरूनही हे वाक्य घाईचे ठरते.

प्रश्न जुना आहे. थोर हकीम आणि तत्त्वज्ञ इब्न सीना (980–1037) यांनी ‘किताबुश्शिफा’मध्ये एक कल्पना मांडली. समजा, एक माणूस एकदम पूर्ण वाढलेला निर्माण झाला आणि हवेत तरंगत आहे. त्याला काही दिसत नाही, हातपाय एकमेकांना लागत नाहीत. स्वतःच्या शरीराचीही त्याला खबर नाही. तरीही ‘मी आहे’ हे त्याला ठाऊक असेल, असे इब्न सीना म्हणतात.

आजचे शास्त्रज्ञ ही जाणीव मेंदूत शोधतात. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या सुमारे 6,900 कोटी डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. पण त्याला इजा झाली तर माणसाचा तोल जातो, हालचाली अडखळतात. जाणीव मात्र शाबूत राहते. म्हणजे नुसत्या पेशींच्या संख्येने काही होत नाही. मग कशाने होते?

बर्नार्ड बार्स यांनी 1988 मध्ये एक उत्तर दिले. मोहल्ल्यात घरोघरी बोलणे चालू असते, पण मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की साऱ्यांना खबर लागते. मेंदूतही असंख्य कामे गुपचूप चालतात; ज्या माहितीचा मेंदूभर पुकारा होतो, तिचीच आपल्याला जाणीव होते.

ज्युलिओ टोनोनी यांनी 2004 मध्ये वेगळा सिद्धांत मांडला. सुताची रीळे शेजारी ठेवली म्हणजे कापड होत नाही. ताणा-बाणा एकमेकांत गुंफावा लागतो. तशी मेंदूतील माहिती एकजीव गुंफली गेली की जाणीव असते. लहान मेंदूत पेशी पुष्कळ, पण त्या सुट्या गटांत काम करतात, म्हणून तिथे जाणीव नाही, असे ते सांगतात.

दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी मिळून 256 जणांवर प्रयोग केले. 2025 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष आले: कोणताही सिद्धांत पूर्णपणे खरा उतरला नाही. पंचवीस वर्षांत मेंदूतील जाणिवेचे गुपित उलगडेल, असे 1998 मध्ये ठामपणे सांगणाऱ्या क्रिस्टॉफ कॉख यांनीही 2023 मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्यापुढे जाहीरपणे हार मानली.

पण एक गोष्ट प्रयोगांनी दाखवली आहे. इंग्लंडमध्ये रस्ता-अपघातानंतर 23 वर्षांची एक तरुणी पाच महिने प्रतिसादाविना पडून होती. डोळे उघडत, पण सांगितलेले काही ती करत नसे. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी तिला मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितले, ‘तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ मग सांगितले, ‘आता मनातल्या मनात घरातल्या खोल्यांतून फिर.’ दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग जागे झाले, जे निरोगी माणसाचे होतात. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. 2024 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात सांगूनही हालचाल न करणारे 241 रुग्ण होते. त्यांतल्या 60 जणांच्या मेंदूने सूचना पाळल्या. चौघांत एक!

याचा अर्थ प्रत्येक बेशुद्ध रुग्ण ऐकतोच असा नाही. मेंदू-मृत्यू ही तर वेगळीच अवस्था आहे. निदान डॉक्टरांनीच करावे. पण कोण ऐकतो आहे आणि कोण नाही, हे खाटेशेजारी उभे राहून आपल्याला ओळखता येत नाही.

म्हणून खोलीत जाताना सलाम करावा. ‘अब्बा, मी आलोय,’ असे नाव सांगून बोलावे. अंग पुसण्याआधी, कूस बदलण्याआधी सांगावे. तिलावत आणि दुवा हळू, स्पष्ट आवाजात करावी. दवाखान्याचा खर्च, वारसा-वाटणी, ‘आता किती दिवस’ या गोष्टी दाराबाहेर ठेवाव्यात.

रूहविषयी माणसाला फार थोडे ज्ञान दिले गेले आहे, यावर आपला ईमान आहे. ज्याला थोडे ठाऊक आहे, त्याने ‘यांना काही कळत नाही’ असा निकाल देऊ नये. रुग्ण ऐकत नसेल तर आपले चार गोड शब्दच खर्च झाले. ऐकत असेल, तर उत्तर देता न येणाऱ्या माणसाचा मान आपण राखला.