कंसांतील वंशवृक्ष आणि हळबीचे स्थान

रायपूरहून दक्षिणेकडे निघून केशकालचा घाट चढला की बस्तरच्या पठारावर हळबी कानी पडू लागते. मराठी भाषकास तिच्यात पहिली ओळखीची खूण सापडते ती षष्ठीच्या ‘चो’ या प्रत्ययात. भूतकाळातील ‘ल’ही परका वाटत नाही, पण तो ओडिया आणि बंगालीतही आहे. उलट संप्रदानासाठी हळबी ‘के’ योजते, आणि मराठीप्रमाणे ‘ला’ योजते ती रायपूरच्या मैदानातील छत्तीसगढी. तिचे ‘मोला’ आणि मराठीचे ‘मला’ यांतील साम्य सहज लक्षात येते. एवढ्यावरून छत्तीसगढीस मराठीची बहीण कोणी म्हणणार नाही. मग केवळ ‘चो’च्या बळावर हळबीस तरी तसे म्हणावे काय?

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात छत्तीसगढी सहाव्या खंडात (1904) पूर्वी हिंदीबरोबर आली, तर हळबी सातव्या खंडात (1905) मराठीबरोबर. तो खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता. हळबी ही सरमिसळ बोली आहे हेही तेथे नमूद झालेले आहे. पुढील काही वर्गीकरणांनी तिला पूर्वेकडील भाषांच्या गटात नेले. 2011च्या जनगणनेत तिची स्वतंत्र नोंद असून तिच्या भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक आहे.

हे सारे गद्यात मांडता येते, कारण गद्यात ‘परंतु’ म्हणण्याची सोय असते. आज मात्र भाषांचे आणि हस्तलिखितांचे वंशवृक्ष संगणकास द्यावे लागतात, आणि त्यासाठी जी लेखनपद्धती सर्वाधिक रूढ आहे ती जीवशास्त्रज्ञांची आहे. 1986च्या जूनमध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात उत्क्रांतीच्या अभ्यासकांची परिषद भरली असता, जोसेफ फेल्सेन्स्टाइन आदी काही जणांच्या अनौपचारिक समितीने ती मुक्रर केली. शेवटची बैठक डोव्हर गावच्या ‘न्यूइक्स’ या खाणावळीत झाली, म्हणून पद्धतीचे नाव न्यूइक. (शास्त्रीय परिभाषेचा उगम कधी कधी असा पानावरच होतो.) तिचे गणिती बीज, म्हणजे वृक्ष आणि एकात एक बसणारे कंस यांतील नाते, आर्थर केली यांनी 1857 मध्येच ओळखले होते.

पद्धती अशी: एका पूर्वजाची अपत्ये एका कंसात, मध्ये स्वल्पविराम, अखेरीस अर्धविराम. सर्वेक्षणातील मांडणी मग एका ओळीत मावते:

((मराठी,हळबी),छत्तीसगढी);

नावापुढे अपूर्णविराम देऊन अंक लिहिला की तो त्या फांदीची लांबी, म्हणजे झालेल्या बदलाचे प्रमाण, दाखवितो. कंसातील क्रमाला अर्थ नसतो. ‘(मराठी,हळबी)’ आणि ‘(हळबी,मराठी)’ एकच. या ओळीवरून चित्र काढताना मात्र कोणते तरी नाव वर व कोणते तरी खाली येणारच. वरील वृक्षात हळबी छत्तीसगढीला लागून काढता येते, किंवा मराठीस मध्ये घालून दूरही नेता येते. दोन्ही चित्रे सारखीच खरी. म्हणून चित्रातील शेजारावरून नाते ठरवू नये, दोन फांद्या जेथे मिळतात तो सांधा पाहावा. हे ठाऊक नसलेला वाचक छापील आकृतीवरून हमखास फसतो.

याहून गंभीर अडचण कंसातच आहे. प्रत्येक अपत्यास एकच पूर्वज, असा त्याचा दंडक. हळबी मराठीजवळ लिहिली की तिची ओडिया-छत्तीसगढी बाजू पुसली जाते. छत्तीसगढीजवळ लिहिली की ‘चो’ निराधार होतो. कोनो यांचा ‘सरमिसळ’ हा शब्द ठेवण्यास त्या ओळीत जागाच नाही. ती ओळ शेकडो ओळींबरोबर एखाद्या भाषासंग्रहात गेली की शंका मागे राहते आणि निर्णय तेवढा पुढे जातो.

पाठचिकित्सकांस हा पेच जुना आहे. सुकथनकरांनी 1933 मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत महाभारताच्या पोथ्यांची वंशावळ आखली, परंतु शाखाशाखांतील पाठ एकमेकांत मिसळल्याचा इशाराही दिला. 1998 मध्ये चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या पोथ्यांना जीवशास्त्रीय रीत लावण्यात आली, तेव्हाही मिश्र पोथ्यांचा प्रश्न टळला नाही.

1997च्या ‘नेक्सस’ रचनेत वृक्षासोबत मूळ सामग्री व टिपा ठेवता येतात. 2009च्या ‘फायलो-एक्सएमएल’मध्ये प्रत्येक सांध्यास स्वतंत्र माहिती जोडता येते. हळबीसाठी अधिक उपयोगी आहे तो 2008 मध्ये कार्दोना, रोसेल्लो व वालिएन्ते यांनी सुचविलेला न्यूइकचा विस्तार. त्यात मिश्र अपत्य एकाच खुणेने दोनदा लिहितात:

((मराठी,(हळबी)#एच1),(#एच1,छत्तीसगढी));

वाचणाऱ्या संगणकास ही दोन्ही ‘#एच1’ एकच आहेत हे कळते, आणि चित्रात हळबीकडे दोन फांद्या येतात. ओडियासाठी तिसरी फांदीही अशीच जोडता येईल. मात्र साधे न्यूइकच वाचणाऱ्या आज्ञावली ही ओळ नाकारतात, अथवा तिच्यातून दोन वेगळी टोके काढतात.