मजुरी तालाची, मालकी सुरांची

वसईच्या लग्नातला ब्रास बँड सर्वांच्या ओळखीचा. चित्रपटातली चाल घेऊन क्लॅरिनेटला काय, ट्रम्पेटला काय द्यायचे, ही वाटणी कोणीतरी बसून करतो व त्याचे पैसे घेतो. आमच्या लेखी तो कारागीरच. पण मजुरीने गाणे त्याचे होत नाही. १९५७ च्या कायद्याने चालीची नवी मांडणी करण्याचा हक्कही चालीच्या मालकाकडेच ठेवला. वरातीत वाजवण्यास सूट आहे. तेच ध्वनिमुद्रित करून विकण्यास नाही.

मोबाइलवरील तालाच्या खेळांत हाच पेच आहे. ठोका पडला की बोट टेकवायचे. कोणत्या ठोक्याला कोणता अडथळा, ते टप्पे तरुण मुले पैसे घेऊन बांधून देतात. श्रम त्यांचे, गाणे परक्याचे. ‘ओसू’ या खेळाने काही संगीतकारांशी करार करून त्यांची गाणी अशा मुलांना मोकळी केली, हे बरे झाले.

आणि तो संगीतकार तरी मालक होता काय? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे देऊन चाल करवून घेणाऱ्या निर्मात्यालाच पहिला मालक मानले. रॉयल्टीतला आपला वाटा संगीतकाराला निर्मात्याच्या नावे लिहून देता येणार नाही, असे कायद्यात यायला २०१२ उजाडले! तेव्हा काम घेतानाच तीन गोष्टी कागदावर याव्यात: गाण्याची परवानगी कोणी आणायची, टप्पा कोणाचा, आणि त्यावर नाव कोणाचे.