मॉरिशसचा ऊस, दरेवाडीचे पाणी

सानपाड्याच्या शेजारीच तुर्भे-वाशीचा घाऊक बाजार असल्यामुळे येथील रहिवाशाला शेतकरी दिसतो तो गोणीवरून आणि त्या दिवशीच्या भावावरून. लहान शेतकऱ्याचे सर्व भवितव्य भावातच दडले आहे, असा समज अशा शेजारामुळे सहज होतो. श्रीमंत राष्ट्रांनीही दीर्घकाळ हाच समज बाळगला. त्याची फळे पाहावयाची, तर ज्या बेटावर एकोणिसाव्या शतकात गिरमिट करून गेलेल्या कोकणी-मराठी कुटुंबांचे वंशज आजही राहतात, त्या मॉरिशसकडे वळावे लागते.

साखरमळ्यांच्या मालकांनी गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या जमिनींचे तुकडे विकावयास काढले, तेव्हा मजुरीतून पै-पै साठविलेल्या हिंदी कुटुंबांनी ते विकत घेतले आणि गिरमिट्याचा नातू उसाचा खातेदार झाला. पुढे १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने या बेटासह इतर काही देशांची साखर ठरावीक प्रमाणात, जागतिक बाजाराहून पुष्कळ चढ्या भावाने, घेण्याची हमी दिली आणि त्या हमीतील सर्वांत मोठा वाटा मॉरिशसला मिळाला. मदत या शब्दाचा उच्चार न करता दिलेली ही मदतच होती. तिने शाळा बांधल्या, घरे पक्की केली, हे मान्य करावयास हवे. पण एकच पीक आणि एकच गिऱ्हाईक ही सवयही तिनेच जडविली. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरविण्यात आला व २००९ मध्ये ती हमीच संपुष्टात आली, तेव्हा भरपाईदाखल युरोपने पुन्हा पैसा पाठविला.

त्या काळात लहान खातेदारांसाठी एक कार्यक्रम हाती घेतला गेला, तो निव्वळ जमिनीचा होता. आपल्या सह्याद्रीसारखेच ते बेट काळ्या बसाल्टचे. शेतातून वेचलेल्या दगडांचे प्रचंड ढीग उसाच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या उभे असत. यंत्रे लावून दगड काढले गेले, शेजारच्या पट्ट्या एकत्र जोडण्यात आल्या, पाण्याची सोय झाली. काही सहकारी सोसायट्यांनी न्याय्य व्यापाराचे प्रमाणपत्रही मिळविले. जमीन खरोखर सुधारली; पण उसाच्या उत्पन्नात भागेना, मुले शहरांतील नोकऱ्यांकडे वळली, आणि अनेक लहान खातेदारांनी ऊस सोडला.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाणलोट विकासाच्या प्रयोगाचा क्रम याच्या नेमका उलट होता: आधी गावाची तयारी, मग पैसा. स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने जर्मन सरकारचा पैसा महाराष्ट्रात पाणलोट विकासासाठी आला, तो नाबार्डमार्फत. गावाशी बोलणी आणि गावाची तयारी करून घेण्याचे काम बाखर यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या वॉटर या संस्थेकडे होते. पैसा मिळण्यापूर्वी गावाने श्रमदान करून दाखवावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पत्करावयाची, आणि मग रक्कम गावच्याच समितीच्या खात्यात जमा व्हावयाची, असा दंडक होता. प्रत्येक गटात नवराबायको दोघांना बांधावर उभे करून, कोठे बांध घालावयाचा, कोठे समतल चर खणावयाचा, कोठे झाड लावावयाचे, हे त्यांच्याच तोंडून वदवून कागदावर उतरविले जाई. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ ते २००१ या मुदतीत माथ्यापासून पायथ्यापर्यंत अशी कामे झाली. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे, तेथे विहिरींना पाणी टिकू लागले आणि वर्षातून तीन-चार महिने मिळणारे शेतीकाम नऊ-दहा महिने पुरू लागले.

येथे स्तुतिपाठकांना एक गोष्ट ऐकविणे भाग आहे. चराईबंदी कागदावर एका ओळीची असते, पण तिचा पहिला तडाखा ज्याच्याजवळ बांधही नाही, चरही नाही, केवळ शेळ्यामेंढ्या आहेत, त्याला बसतो. दरेवाडीतही मेंढपाळांनी विरोध केला, म्हणून सगळे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तडजोड झाली. तरी अनेकांना जनावरे विकावी लागलीच. विहिरीचे पाणी वाढले ते विहीरवाल्याचे, भूमिहीनाच्या पदरात पडली ती वाढीव मजुरी. माझ्या मते या प्रयोगातील खरा धडा इथे आहे, आणि अहवालांत तो चित्रांच्या मानाने फारच बारीक अक्षरांत छापलेला असतो.

पैशाचा ओघ मात्र कायम परदेशावर विसंबून राहिला नाही. १९९९-२००० साली केंद्र सरकार व नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला, आणि महाराष्ट्रात घासूनपुसून पाहिलेली ही पद्धत त्या निधीतून इतर राज्यांतही गेली.