शिवी कोणाची, लागते कोणाला?

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. मध्ये एक ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत, एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. ‘बोरीचा बार’ म्हणून ही प्रथा प्रसिद्ध आहे. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव करून आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड ठरविला. एका गावी शिवी हा सणाचा भाग, तर दुसऱ्या गावी ती दंडनीय! वरवर पाहता ही विसंगती वाटेल. परंतु शिवीचे खरे स्वरूप या दोन टोकांमध्येच उलगडते.

माणूस शिवी का देतो? संताप आवरत नाही म्हणून, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ठेच लागताच तोंडून निघणारी शिवी कोणालाच उद्देशून नसते. ब्रिटनमधील कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बर्फगार पाण्यात हात बुडवून शिवी उच्चारणाऱ्यांनी साधा शब्द उच्चारणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ वेदना सोसली. मेंदूच्या आघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांच्या तोंडी शिव्या मात्र शाबूत राहतात, हाही वैद्यकाचा अनुभव आहे. शिवी ही निव्वळ कुसंस्काराची खूण नव्हे, एवढे यावरून मान्य करावयास हरकत नाही.

ऐकणाऱ्यांचा न्याय मात्र विचित्र असतो. हमालाच्या तोंडची शिवी आपणांस असंस्कृत वाटते. साहेबाने शिपायाला हासडलेली तीच शिवी ‘कडक शिस्त’ ठरते. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रकाशित झाला, तेव्हा पांढरपेशा वर्गातील अनेकांना त्या भाषेचा धक्का बसला. त्या भाषेमागचे जगणे मात्र पूर्वीपासून होतेच. त्याचा धक्का किती जणांना बसला होता? शब्दाचा विटाळ मानणारा समाज परिस्थितीचा विटाळ मानीत नाही, हा दोष शिवी देणाऱ्याचा खचित नव्हे.

म्हणून शिवीचे मोजमाप तिच्या अश्लीलतेवरून करणे चुकीचे होय. ती कोण कोणाला देतो आणि तीत उद्धार कोणाचा होतो, हे पाहिले पाहिजे. बोरीच्या ओढ्यावर दोन्ही पक्ष समान असतात. शिवी जाते तशी परतही येते, आणि तिला दिवस व जागा यांची मर्यादा असते. कचेरीतील शिपायाला उलट बोलण्याची सोय नसते. दोन पुरुषांच्या भांडणात तर अब्रू जाते ती तेथे हजरही नसलेल्या आईची वा बहिणीची. जातीच्या नावाने दिलेली शिवी याहूनही भयंकर. ती एका माणसाला देताना साऱ्या समाजाला हिणवीत असते. अनुसूचित जाती-जमातींना सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमानित करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले, ते उगाच नव्हे.

सौंदाळ्याच्या ठरावाचे महत्त्व यातच आहे. दंडाने तोंडे बंद होतील, असे मानण्याइतके भाबडे होण्याचे कारण नाही. परंतु शिवी हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नसून स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे एका ग्रामसभेने ओळखले. वर्गात शिवी देणाऱ्या मुलाला आपण अंगठे धरून उभे करीत आलो. त्यापेक्षा, ‘तुझे भांडण याच्याशी होते, मग तू याच्या आईचे नाव का घेतलेस?’ असे त्याला विचारावे. आणि हाच प्रश्न हाताखालच्या माणसावर ओरडताना प्रत्येक वरिष्ठाने स्वतःलाही विचारून पाहावा.