चप्पल घालून किती दिवस?

मैत्रिणींनो, आपली जुनी घरं चिऱ्याची. पावसात भिंती ओल धरतात, खाऱ्या वाऱ्यानं जोडण्या गंजतात आणि फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. मग आपण चप्पल घालून भागवतो!

बचत गटात आम्ही एकमेकींना सांगतो, वायरमनचा सरकारी परवाना बघा, लाजू नका. मीटरपुढचं वायरिंग महावितरणचं नव्हे, आपलं. नवे पॉइंट नंतर. आधी अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी बसवा. फ्यूज जादा करंटनं वितळतो. माणसाचा जीव घेणारी थोडी गळती त्याला कळत नाही, ईएलसीबीला कळते. ते सारखं पडतं म्हणून काढून टाकणारा वायरमन नकोच, गळती शोधणारा हवा. त्याचं टेस्ट बटण आम्ही दर महिन्याला दाबून बघतो.