स्फटिकांची मक्तेदारी आणि साधे चंचुपात्र

व्याख्यात्याच्या हातातील लेसर-दर्शकातून पडद्यावर उमटणारा हिरवा ठिपका आता विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला आहे. यांपैकी अनेक दर्शकांत मुळात निर्माण होणारा किरण हिरवा नसतो. तो १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण असतो. आत बसविलेल्या चिमुकल्या स्फटिकातून जाताना त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ५३२ नॅनोमीटर होते आणि हिरवा रंग प्रकट होतो. अशा स्फटिकांना अरेषीय प्रकाशीय पदार्थ म्हणतात. १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वार्ट्झच्या साहाय्याने हा परिणाम प्रथम दाखविला, तेव्हा छायाचित्रातील तो अंधूक ठिपका डाग समजून छपाईत पुसून टाकला गेला, अशी हकीकत प्रसिद्धच आहे.

आज त्या ठिपक्याला डाग म्हणण्याची चूक कोणी करणार नाही. चीनमधील फुजियान येथील संस्थेत चेन च्वांगथियान यांच्या गटाने वर्षानुवर्षे चिकाटीने काम करून बोरेट वर्गातील स्फटिक जगापुढे आणले. त्यांतील बेरिलियमयुक्त केबीबीएफ या स्फटिकाने १७७.३ नॅनोमीटरपर्यंतचा अतिनील लेसर मिळू लागला. अतिवाहकांच्या अभ्यासाला तो अत्यंत उपयुक्त. २००९ साली चीनने या स्फटिकाची निर्यात थांबविल्याचे जाहीर झाले आणि परदेशी प्रयोगशाळा अडल्या. तेल किंवा तांबे यांच्या बाबतीत ज्या मक्तेदारीची चर्चा आपण करतो, तीच येथे काही मिलिमीटर जाडीच्या वस्तूत सामावली होती. मात्र ही मक्तेदारी खाणीची नव्हती. ती कौशल्याची होती.

या पार्श्वभूमीवर सेंद्रिय-असेंद्रिय संकरित धातू-हॅलाइडांकडे पाहिले पाहिजे. शिसे, कथील, अँटिमनी, बिस्मथ अशा धातूंचा क्लोरीन, ब्रोमीन वा आयोडीन यांच्याशी बनलेला सांगाडा आणि त्यात गुंफलेले सेंद्रिय आयन, अशी यांची घडण असते. स्फटिकाच्या रचनेत सममितीचे केंद्र असेल, तर तरंगलांबी निम्मी करण्याचा गुण तेथे व्यवहारतः नाहीसाच होतो. बहुतेक पदार्थ या पहिल्याच परीक्षेत बाद होतात. येथे मात्र रसायनशास्त्रज्ञाच्या हाती एक युक्ती आहे. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही, तसे काही सेंद्रिय रेणू डावे किंवा उजवे असतात. त्यांपैकी एकाच प्रकारचे रेणू वापरले, तर बनणाऱ्या स्फटिकात सममितीचे केंद्र राहूच शकत नाही. नशिबावर सोडलेला शोध येथे काही अंशी तरी आराखड्याच्या कक्षेत येतो. शिवाय यांतील कित्येक स्फटिक साध्या द्रावणातून, चंचुपात्रात वाढविता येतात. त्यासाठी शेकडो अंश तापमानाची भट्टी लागत नाही. भांडवलाची चणचण असलेल्या देशाला ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु जमेबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. परिणाम जितका प्रबळ, तितकी पदार्थाची पारदर्शकतेची कक्षा सामान्यतः आकुंचन पावते. आयोडाइडे दृश्य प्रकाशाचा मोठा भाग स्वतःच गिळतात, तर क्लोराइडे अधिक पारदर्शक असली तरी परिणामात बहुधा मागे पडतात. अनेक संकरित पदार्थ दमट हवेत वा उष्णतेत टिकत नाहीत. शिसे तर विषारीच. म्हणून कथील, अँटिमनी, बिस्मथ यांचे पर्याय तपासले जात आहेत. त्यांतील कथील हवेत सहज ऑक्सिडीकृत होते, हा आणखी एक पेच.

भारतात स्फटिकवाढीची परंपरा नाही असे नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात केडीपी स्फटिक द्रावणातूनच वाढविले गेले आहेत. उणीव आहे ती पुढच्या कंटाळवाण्या कामासाठी पैसा व वेळ देण्याच्या तयारीची. चूर्णावर परिणाम मोजून निबंध लिहिणे काही महिन्यांचे काम. पण निर्दोष मोठा स्फटिक वाढविणे, तो योग्य कोनात कापणे, घासून चकचकीत करणे आणि लेसरच्या माऱ्याखाली तपासणे याला वर्षे लागतात. या वर्षांत निबंधांची संख्या वाढत नाही आणि अनुदानाचे नूतनीकरण तर त्या संख्येवरच बेतलेले असते. चेन यांच्या गटाला जे स्थैर्य लाभले, ते तीन वर्षांच्या प्रकल्पांच्या तुकड्यांतून मिळणार नाही. निदान दोन-तीन प्रयोगशाळांना तरी दहा वर्षांचे अनुदान द्यावे आणि त्यांच्याकडे निबंधांऐवजी पावसाळ्याच्या दमट हवेत टिकलेला, कापून वापरता येण्याजोगा स्फटिक मागावा.